पाटीवरचा भागाकार

बहात्तर सालचा दुष्काळ. केराचे आईबाप दुसऱ्या दिवशी श्रीपूरला ऊस तोडायला निघणार होते. केरा अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, पण सहामाहीला बीजगणितात नापास झालेली. हिरेमठ सरांनी बोर्डाचा फॉर्म पुढं पाठवला तर ती सोलापुरात मावशीकडं राहणार, नाहीतर आईबापाबरोबर उसाच्या फडात.

"एकच गणित घालतो. आलं तर सही करतो," सर म्हणाले.

तिचा बाप मायाप्पा वर्गाच्या दारात अवघडून उभा होता. "हितंच ऱ्हातो, सर. पोरगी लई भित्री हाय."

क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, छेदात क्ष वर्ग उणे नऊ. या सगळ्याला क्ष अधिक दोन छेद क्ष उणे तीननं भागायचं. केरानं पाटी मांडीवर घेतली. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणाकार मांडला, भराभर अवयव पाडले. सरांची मान डोलली, तसा मायाप्पाला जरा धीर आला.

आता वरच्या-खालच्या सारख्या अवयवांवर काट मारायची. पण केराच्या घरी अक्षरावर काट मारत नसत. तिची आई बनाबाई अडाणी, पण तिनं लेकीला बजावलं होतं, "अक्षर मंजी सरस्वती. तिच्या अंगावर रेघ वढू नगं." बिचारीचा भाव खरा होता. म्हणून केरा ओल्या बोटानं पुसायची आणि ते बोट कपाळाला लावायची. आजही ती जोडीजोडीनं पुसत गेली. पाटी कोरी झाली.

"काय उरलं?"

केरानं कोरी पाटी सरांना दाखवली. "काय न्हाय, सर. शून्य."

सरांनी डोळे मिटले. "अगं, जेवढ्याला तेवढ्यानंच भागलं की एक येतो! काट मारून तिथं एक लिहायचा असतो. पेपरातही असाच शून्य लिहून बसलीस."

"मंजी आलं का न्हाय?" मायाप्पानं विचारलं.

"रीत बरोबर आहे. उत्तर चुकलं." सरांनी पेनाला टोपण लावलं. "पुढल्या वर्षी बसवू तिला."

"पुढल्या वर्साला आमी कुटं असू, देवाला ठावं," मायाप्पा म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं सरांना हात जोडले.

रस्त्याला लागल्यावर केरा म्हणाली, "आबा, एक असतंय ते. आत्ता कळलं मला."

"व्हय गं बाय," तो म्हणाला, आणि तिच्या हाताला बसेल असा कोयता बघायला लोहाराच्या बोळात वळला.