नुनचं पहिलं रक्त

प्रयोगशाळेतल्या फ्रीजरपाशी पुन्हा मेन्थॉलचा वास आला. तोयची आई, विद्यार्थ्यांच्या लमियत आचान म्हणजे लमियत मॅडम, गेल्यापासून तो अधूनमधून येई, आणि नेमका त्याच दारापाशी, जिथे नुन सशाच्या रक्तजलाच्या कुप्या होत्या. आईच्या कोटाच्या खिशात हुंगायची हिरवी नळी कायम असे. शिकवतानाही ती मधेच नाकाला लावायची. ती नळी तोयने स्वतःच्या हातांनी आईच्या शवपेटीत ठेवली होती.

पी वानने, म्हणजे वानताईने, फ्रीजरसमोरच्या स्टुलावर आईच्या आत्म्यासाठी लाल सरबताची बाटली ठेवली, झाकण काढून स्ट्रॉसुद्धा घातली. विद्यापीठातल्या प्राण्यांच्या खोलीत पी वानचं सगळं आयुष्य गेलं होतं. तोयला तिने शाळेच्या गणवेशात पाहिलेलं.

"आईला साखर होती, पी," तोय म्हणाली.

"आता कसली साखर गं. पिऊ दे सुखाने." मग आवाज उतरवून, "त्यांचं काहीतरी राहिलंय. उगीच नाही घुटमळत."

तोयने वाद घातला नाही. काय राहिलंय ते तिला ठाऊक होतं.

ईशान्य थायलंडमध्ये, खोन केनच्या आसपास, कच्चा मासा लिंबू पिळून खातात, आणि त्यातल्या कृमीमुळे पित्तनलिकेचा कॅन्सर गावोगाव असतो. त्या कॅन्सरच्या पेशींत आईला एक प्रथिन सापडलं होतं. बोटांसारख्या घड्या असलेलं, प्रत्येक घडीत जस्ताचा एक अणू धरून जनुकांना पकडणारं. ते डोळ्यांना दिसत नाही. ते हुडकायला आईने त्याचा तुकडा नुन नावाच्या सशाला टोचला आणि त्याच्या रक्तात तयार झालेलं प्रतिपिंड गाळून घेतलं. ते जिथे चिकटेल तिथे चाचणीच्या पट्टीवर काळी रेघ उमटे. त्या रेघेवर आईचं नाव उभं राहिलं. परदेशातल्या प्रयोगशाळाही तिच्याकडून कुप्या मागवून घेत.

नुन कधीच मेला होता. शेवटच्या कुप्या उरल्या होत्या. आणि आता तोयकडे अशा पेशी तयार होत्या, ज्यांतून त्या प्रथिनाचं जनुकच कापून टाकलं होतं. त्यांत रेघ उमटायला नको. उमटली, तर आईने जन्मभर भलत्याच कशाचा तरी माग काढला असा अर्थ होता.

पी वानने परोपरीने सांगून पाहिलं. गेलेल्या माणसाची परीक्षा घेऊ नये, वर्षश्राद्ध तरी होऊ दे, घाई कसली आहे. तोय ऐकून घेत होती आणि डबे उघडत होती.

कुप्यांच्या मागे, तळाशी, रक्तजलाची एक जुनी नळी सापडली. सशाला काहीही टोचण्याआधी त्याचं थोडं रक्त काढून ठेवतात, नंतर ताडून पाहायला. आई प्रत्येक विद्यार्थ्याला हे पहिल्या दिवशी शिकवायची. नळीवर तिचंच अक्षर होतं: नुन, पहिलं रक्त. नळी भरलेली असायला हवी होती. तळाशी जेमतेम ओल होती, एका वेळेपुरती; बाकीचं कुणीतरी आधीच वापरलं होतं.

हॉस्पिटलात शेवटी शेवटी आई विचारायची, नुनला पाला घातला का. आणि एकदा स्पष्ट म्हणाली होती, "पहिलं आहे अजून. एकदा पुरेल." तोयला ते बरळणं वाटलं होतं. तिने आईच्या ओठांना ओला कापूस लावला होता आणि हो म्हटलं होतं.

दुपारपर्यंत पट्ट्या तयार झाल्या. नेहमीच्या पेशींत रेघ होती. जनुक कापलेल्या पेशींतही होती, तितकीच ठळक. आणि ज्या पट्टीवर पहिलं रक्त घातलं होतं, तिथेही तीच रेघ, त्याच जागी. ती रेघ उमटवणारं काहीतरी नुनच्या रक्तात मुळातच होतं. त्याला काही टोचण्याच्या आधीपासून.

त्या चित्रात पी वानला न कळण्यासारखं काही नव्हतं.

"पुसून टाक," ती म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"तिला पुसायचं असतं तर तिने एवढं तरी मागे ठेवलं असतं का?"



ज्यांच्याकडे कुप्या गेल्या होत्या, त्या सगळ्यांना तोयने संध्याकाळी ते चित्र पाठवलं. खाली लिहिलं, हे प्रतिपिंड वापरू नये. पाठवणाऱ्याच्या जागी आधी आईचं नाव घातलं, त्याखाली आपलं.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठात, दरवर्षीसारखं, प्रयोगांत मेलेल्या प्राण्यांसाठी पुण्यदान होतं. भिक्खूंचं पठण चालू असताना ते पुण्य मेलेल्यांना पोचावं म्हणून तोयने छोट्या झारीतून पाणी सोडलं. नुनसाठी कलमीच्या पाल्याची जुडी आणली होती, आई आणायची तशीच.

परतल्यावर पी वानने फ्रीजरकडे मान वळवली. "आता गेल्या असतील ना? झालं सगळं."

तोय दारापाशी उभी राहिली. केव्हा कळलं होतं तुला, तिने मनात विचारलं. आजारपणात, की मी शाळेत असताना? कुणाच्या भीतीने गप्प राहिलीस?

मेन्थॉलचा वास आला, आधीपेक्षा जवळून.

"नाही," तोय म्हणाली. तिने स्टुलावरची लाल बाटली उचलली आणि आईसाठी बिनसाखरेचा चहा करायला गेली.