कॅमेरा हलतोय, ताई

स्क्रूच्या डोक्यावरची खाच... तांदळाच्या कणीहून लहान स्क्रू, आणि त्याची खाच पडद्यावर दिसत होती एखाद्या पन्हळीएवढी. कडेला सुकलेल्या तेलाचा काळा मळ, आणि त्या मळात अडकलेला कापसाचा एक तंतूसुद्धा. ती पुढे वाकली. वीस वर्षं घड्याळांचे हेच स्क्रू पिळत आली होती, पण त्यांचं तोंड असं समोरासमोर आज पहिल्यांदाच बघत होती. मग उजवीकडून चिमट्याचं टोक चित्रात आलं. खाचेजवळ आलं आणि तिथेच राहिलं, पण स्थिर मात्र झालं नाही.

तिने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा लावला.

कॅमेरा आजच्या दिवसापुरता आणलेला होता. लग्नाचे फोटो काढणारा नवऱ्याचा मित्र सकाळी येऊन टेबलावर तो घट्ट बसवून गेला होता. जाताना म्हणाला होता, "वहिनी, लोक तुमचे हात बघायला येतात. मग हात नीट दिसायला नकोत? आवडला तर ठेवून घ्या, माझ्याकडे दुसरा आहे. संध्याकाळी येतो, तेव्हा काय ते सांगा." आणि नवरा दाराशी उभा राहून म्हणाला होता, "कशाला हवंय ते हाय डेफिनिशन? आपला जुना बरा आहे की." म्हणाला आणि उगाच चपला सरळ करत बसला.

खरं म्हणजे हा वाद वर्षभर चालला होता. तिच्यासारखे घरबसल्या व्हिडिओ करणारे पंधरावीस जण फोनवरच्या एका गटात होते, आणि तिथे रोज त्यावरून जुंपायची. कपडे शिवायला शिकवणारी म्हणायची, नवा कॅमेरा घेतला आणि मागच्या भिंतीवरची ओल साऱ्या जगाने बघितली, शेवटी भिंत रंगवावी लागली. सुतार म्हणायचा, सांगण्यात दम असेल तर धुरकट चित्रही चालतं. कुणी म्हणायचं, धुरकट दिसलं की लोक दुसऱ्या क्षणाला पळतात. ती हसून सगळं वाचायची. आपल्याला कसली भीती? चेहरा दाखवायचाच नाही. घड्याळ, चिमटा आणि दोन हात, बस्स. ज्यांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, ते तिला 'स्थिर हातांच्या ताई' म्हणायचे.

आणि तेच लोक दोन वर्षं खाली लिहीत होते — कॅमेरा हलतोय, ताई. चित्र थरथरतंय, ताई. एखादा चांगला कॅमेरा घ्या आता.

किती उपाय केले होते तिने! स्टँडच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. वाळूची पिशवी टांगली. रस्त्यावरून ट्रक गेला की चिमटा खाली ठेवून थांबायची, तो लांब जाईपर्यंत. पंखा बंद करून घामाघूम बसायची. वरच्या मजल्यावर शिलाई मशीन चालतं म्हणून त्या बाईंना जाऊन विनंतीसुद्धा करून आली होती, आणि त्या बिचाऱ्या दुपारभर मशीन बंद ठेवू लागल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं बाबांच्या घड्याळांच्या दुकानातल्या शिकाऊंना तीच ऐकवायची एके काळी...

आता पडद्यावर टेबलाची कड रेघेसारखी सरळ होती. तेलाची बाटली जागची हलत नव्हती. स्क्रूची डबी, भिंग, खाली अंथरलेला पांढरा कागद, सगळं कसं चित्रातल्यासारखं निश्चल. फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट आणि त्यातून पुढे गेलेला चिमटा. बारीक, सारखं, न थकता. कुणीतरी आत बसून ते बोट मोजून हलवत असावं, तसं.

तिने खरा हात टेबलावर ठेवला आणि पाहिला. काही नाही. शांत आहे की... मग चिमटा उचलला. तरी काही नाही. नाही, आहे. की बघते आहे म्हणून आहे? चेहरा असता तर पावडर लावता आली असती. बोटाला काय लावणार?

बाबा. बाबांनी एक दिवस चिमटा रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे, माझे डोळे गेले." त्या दिवसापासून ते गल्ल्यापाशी बसायला लागले. आणि तिथे बसून समोरच्या औषधाच्या दुकानातली बारीक अक्षरं वाचून दाखवायचे, तेव्हा ती हसायची — डोळे गेलेल्या माणसाला बरं दिसतं हो! त्यावर ते हात मांडीखाली घेऊन बसायचे. थंडी वाजते म्हणायचे. आणि तिला, त्यांच्याच पोटच्या पोरीला, त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून, ते कधी दिसलं नाही.

त्या दिवसांत नवरा नुकताच दुकानात येऊ लागला होता. बाबांना चहा आणून द्यायचा तोच. "अर्धा कपच आण रे," बाबा म्हणायचे, "पूर्ण कप सोसत नाही."

तिने जुने व्हिडिओ उघडले. काय बघायचं ते आता कळलं होतं, त्यामुळे धुरकट चित्रातही ते लपेना. मागच्या महिन्यातला, त्याआधीचा, गेल्या वर्षातला. आणि मग आणखी एक गोष्ट दिसू लागली. नेमकं चिमटा स्क्रूशी पोचायच्या वेळी चित्र बदलायचं. घड्याळाचा पट्टा दिसायचा, नाहीतर तबकडी, आणि परत हात दिसायचे तेव्हा स्क्रू जागेवर बसलेला असायचा. ती चित्रण करायची आणि उठून जायची. कापणं, जोडणं सगळं नवऱ्याचं काम. तो शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बसायचा. तिच्या हाताचा एकन्‌एक क्षण त्याने पाहिलेला होता, पुन्हापुन्हा, थांबवून, मागेपुढे करून...

खाली फाटक वाजलं. फोटोवाल्याचा आवाज आला, कुणाशी तरी बोलत होता.

नवरा चहा घेऊन आत आला. कप तिच्यापुढे ठेवला. अर्धा, हिंदकळला तरी सांडणार नाही असा.

केव्हापासून? ती आठवू लागली. उन्हाळ्यात अर्धाच होता. त्याआधी ती आजारी पडली होती, तेव्हा? दूध संपलं असेल, घाईत असेल, असं म्हणून ती पीत आली होती. एकदा थट्टाही केली होती — कंजूष झालात हल्ली! तो हसला होता. दिलखुलास हसला होता.

"तो आलाय," नवरा म्हणाला. "जिना चढतोय. काय सांगू त्याला? परत देऊन टाकू ना?"

तिने कपाला हात लावला नाही. मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. खिडकी त्याच्या पाठीमागे होती, त्यामुळे तोंडावर सावली होती. डोळे होते, नाक होतं, ओळखीचं सगळं होतं, पण बारीक असं काही दिसत नव्हतं. तिला वाटायला हवी होती हाताची भीती. ती होतीच. पण तिच्याही वर दुसरं काहीतरी चढत होतं... हा माणूस प्रेमापोटी गप्प राहिला असेल. असेलच. बाबांसाठीही राहिला होता. इतक्या सफाईने कापतो की सांधा कळत नाही. मग एवढ्या वर्षांत त्याने आणखी काय काय कापलं असेल?

"अगं, काय सांगू?"

आवाज नेहमीसारखाच होता, मऊ. तिने पहिल्यांदाच तो कान देऊन ऐकला, कुठे तुटतो का ते बघत.

"तुम्ही जरा असे इकडे या," ती म्हणाली. "उजेडात उभे राहा."