पेपर सुरू झाल्यावरची दहीसाखर

शुक्रवारची सकाळ. कुवेतमधल्या अबू हलीफ्याचे रस्ते अजून निजलेले; जागा काय तो समुद्र आणि जागी जुईली. सहाव्या मजल्यावरच्या तिच्या खोलीतला दिवा पहाटेपासून जळत होता. दहा वाजता फिजिक्सचा शेवटचा पेपर, तोही घरीच, लॅपटॉपसमोर.

बारावीला तिनं गणित सोडून जीवशास्त्र घेतलं होतं. आई नर्स, तेव्हा लेक डॉक्टर, असं घरानं मनात धरलेलं. मग एक दिवस जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, मला मशीन्स आवडतात. बॉडी नाही." विश्वास स्वतः तेलशुद्धीकरणातला इंजिनिअर. वरून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून त्याला गुदगुल्या झाल्या. कॅनडातल्या एका कॉलेजनं इंजिनिअरिंगला जागाही दिली. अट एकच, कॅलक्युलस आणि त्यावर आधारलेल्या फिजिक्सचं क्रेडिट आधी मिळवा आणि येत्या सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मग जुईलीनं इंटरनेटवरचा एक कोर्स धरला. ज्याच्या त्याच्या वेगानं शिकायचं, वर्षाचं काम उन्हाळ्यात संपवायचं. तिनं ते खरंच संपवत आणलं. केस विंचरताना सूत्रं, भात कालवताना सूत्रं. कॅलक्युलस सुटलं. आज फिजिक्स सुटलं की पोर सुटली.

स्वप्ना सकाळच्या ड्यूटीला निघताना उंबऱ्यात थांबली. "अहो, दहीसाखर तेवढी द्या तिला. पहिलीपासून एक पेपर चुकलेला नाही. आज नेमकी मी घरी नाही."

"देतो गं. एवढं काय त्यात."

"एवढंच तर आहे. बाकीचं फिजिक्स मला कुठं कळतं?"

ती गेली. पेपरला अर्धा तास उरला तेव्हा विश्वासनं फ्रीज उघडला. दह्याचं भांडं रिकामं, बुडाशी चमचा तेवढा. तो तसाच चपला घालून खाली बकाल्यात, कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात गेला. दुकानदार महबूब गल्ल्यामागं डुलक्या घेत होता.

"दही खतम, साहब. लबन ले जाओ. सेम टू सेम."

लबन म्हणजे ताक. ताक तळहातावर टिकायचं कसं? विश्वास पुढच्या दुकानाकडं गेला, तिथं कुलूप. त्याच्या पुढच्या दुकानात डबा मिळाला. ऊन असं की डांबरातून वाफ निघावी. घरी पोचला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता आणि घड्याळात दहा वाजून गेले होते.

खोलीचं दार लोटलेलं. दाराशी एक खुर्ची, काल त्यानंच आणून ठेवलेली. काल जुईलीनं सगळं समजावलं होतं. "नो वन कम्स इन, बाबा. कॅमेऱ्यातून एक माणूस बघत असतो, पूर्ण वेळ." खोलीतलं कॅलेंडर तिनं उतरवलं होतं, गणपतीची तसबीर नमस्कार करून भिंतीकडं फिरवली होती. त्यावर तो हसून म्हणाला होता, "मला काय शिकवतेस? आमच्याकडं टाकीत माणूस उतरला की तोंडाशी एक जण बसतो. परमिटशिवाय तो माशीलाही आत सोडत नाही. उद्या तो माणूस मी."

तो माणूस आता वाटी घेऊन खुर्चीवर बसला. साखर दह्यात विरघळत चालली होती. स्वप्नानं मागून मागितलं काय, तर एक चमचा. नंतर दिली तर ती काय दहीसाखर? ते नुसतं खाणं.

त्यानं दार बोटभर ढकललं. जुईलीची पाठ दिसत होती, आणि खुर्चीवरून खाली लोंबणारा डावा हात. कॅमेरा वर, पडद्याच्या माथ्यावर. इंजिनिअरनं डोळ्यांनीच कोन मोजला. टेबलाखालचं त्याला दिसणार नाही. मग केस पांढरे झालेला तो बाप गुडघ्यांवर उतरला आणि तान्ह्या पोरासारखा रांगत आत गेला.

चमच्याचं टोक तिच्या बोटांना लागलं. आणि हात उघडला. संध्याकाळी जुईची कळी उघडते तसा, कुणी न सांगता. नजर पडद्यावरच, हाताला मात्र सगळं ठाऊक. तळहातावर दही पडलं, हात वर गेला, ओठांशी आला. दाताखाली साखरेचा कण कुरकुरला, तो विश्वासनं जमिनीवर बसून ऐकला. त्याला बरं वाटलं.

लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज आला. इंग्रजीत, अगदी मऊ. तुमच्या हातात काय दिलं गेलं? खोलीत आणखी कोण आहे?

जुईली बोलायच्या आत पडदा पांढरा झाला. वर एक ओळ. परीक्षा थांबवण्यात आली आहे.

"बाबा," ती म्हणाली. मग तळहाताकडं बघत राहिली. "मी हात का पुढं केला?"

तो जमिनीवरच होता. उठायचं कसं, हे त्याला आठवेना.

मग दोघं परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या चॅटवर बसले. पलीकडं आलोक नावाचा माणूस. विश्वासनं लिहिलं की ही चिठ्ठी नव्हती, दही होतं, साखर होती. वाटीचा फोटो पाठवला. मग न राहवून लिहिलं, आलोक, तुमच्या नावावरून वाटतं, तुम्हाला हे सांगायला नको.



"हो सर. माझी आई पण द्यायची," उत्तर आलं. "पण निर्णय माझ्या हातात नाही. चौकशीला दहा कामाचे दिवस लागतात. तोवर पेपर पुन्हा देता येत नाही."

"सोमवारी तारीख आहे."

"समजतं सर. सॉरी सर."

कॉलेजला जुईलीनं मेल लिहिला. तारीख वाढवण्याविषयी विचारू नये, असं उत्तरं देणाऱ्या यंत्रानं क्षणात कळवलं. विश्वासनं कारखान्यात बंद पडलेली कितीतरी यंत्रं चालू केली होती. हे चालू होतं, आणि त्याला हात घालायला कुठं जागाच नव्हती.

"आय ॲम नॉट अँग्री, बाबा."

"रागाव की जरा."

ती रागावली नाही. त्याच्या गुडघ्याला लागलेली धूळ तिनं झटकली.

स्वप्नाचा फोन आला तो तिच्या चहाच्या सुट्टीत. विश्वासनं फोन उचलला आणि स्पीकर लावून जुईलीसमोर धरला. जुईलीनं तो हातातून घेतला.

"संपला का गं पेपर? दहीसाखर दिली ना बाबांनी?"

"हो आई. दिली."

"चला, मग मला काही काळजी नाही. बाबांना सांग, उरलेलं दही फ्रीजमध्ये ठेवा. या उन्हात लगेच आंबतं."

विश्वास उठला. वाटी घेऊन तो फ्रीजपर्यंत गेला, आणि दार उघडून तसाच गारव्यात उभा राहिला.