लईच खूश

“मॅडम, उदास माणसानं गोळी घेतली आणि तो लईच खूश झाला, तर ती गोळी आम्हाला पण मिळंल का?”

शाळेच्या हॉलमध्ये हशा पिकला. अंतरा आणि संयोगितानं पैजच लावली होती, एवढं विचारून दाखव, भेळ आमच्याकडनं. तेजस्वीनं विचारलं, आणि वर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दिवाळीआधी हीच पोरगी बाकावर डोकं टेकून बसायची. हजेरीला ओ द्यायचंही तिच्या जिवावर यायचं. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळी सुरू केली, आणि आता गॅदरिंगचं निवेदन तिचं, कबड्डीची टीम तिची, भांडण कुणाचंही असो, मधी तीच. गोळीचं मैत्रिणींना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तेजूला कंठ फुटला होता.

मनाच्या आजारांवर बोलायला आलेल्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत.

“लईच म्हणजे किती गं?”

“म्हणजे… रात्रभर जागला तरी सकाळी ताजा.”

“आणि?”

“बोलायला लागला की थांबत न्हाय. एक काम धरलं की दुसरं बोलावतंय, दुसरं धरलं की तिसरं.” एवढं बोलून तिचं तिलाच चमकल्यासारखं झालं. हे कुणाचं सांगतोय आपण?

बाई म्हणाल्या, “उदासी सगळ्यांची एका जातीची नसते. कुणाचं मन नुसतं खाली बसतं, त्याला उदासीवरच्या गोळ्यांनी आराम पडतो. कुणाचं खालीही जातं आणि वरही उसळतं. तो बायपोलर. तिथं नुसती उदासीची गोळी दिली, तर कधी कधी मन जास्तच उसळतं. अशा वेळी मन स्थिर ठेवणारं औषध लागतं. त्यातही प्रकार आहेत. एखाद्या औषधाला अधूनमधून रक्त तपासावं लागतं, एखाद्यानं वजन वाढतं. कुणाला कुठलं, हे माणूस बघून ठरतं. म्हणून आम्ही आधीच विचारतो, रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास आहे का. अशी उसळी दिसली म्हणजे बायपोलरच, असंही नाही. पण गोळी आपल्या मनानं तोडायची नाही, थांबून बघायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं.”

तेजस्वी कमरेवरचे हात काढून खाली बसली.

गोळी सुरू करताना डॉक्टरांनी हाच प्रश्न तिच्या घरच्यांनाही विचारला होता की. पप्पा ठासून म्हणाले होते, “छ्या, आमच्यात तसलं कुणी न्हाय.” आणि आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली होती.

मग गगनबावड्याची कालिंदी आत्या? पप्पांची सख्खी बहीण. चांगल्या चांगल्या साड्या बाजारात बायकांना वाटून आलेली, रातोरात अख्खं घर सारवून काढणारी, आणि नंतर अंथरूण धरलं की दार मिटून घेऊन कुणाशी न बोलणारी. घरात एकच बोललं जायचं, आत्याच्या अंगात येतं. पप्पा खोटं बोललेच नव्हते. देवाचं येणं म्हणजे दुखणं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

भेळ तशीच राहिली. घरी जाताना उचगावच्या रस्त्याला सायकल नुसती पळत होती आणि डोकं तिच्याही पुढं. नवी गोळी दिली तर? ही तेजू जाऊन ती बाकावरची परत आली तर? सांगितलंच नाही तर कुणाला कळणार? पण आत्याचं मिटलेलं दार काही डोळ्यांपुढून हलेना.

गोठ्यात पप्पा धार काढत होते. आई पेंड कालवत होती. तेजस्वी या दावणीवरून त्या दावणीकडं येरझाऱ्या घालत सगळं एका दमात बोलली.

“एका जागी उभी ऱ्हा,” पप्पा म्हणाले. “म्हैस पान्हा चोरंल बघ, दूध सोडायची न्हाय.”

“मला उभं राहवतच न्हाय पप्पा. तेच तर सांगतोय.”

“आत्याचं येगळं हाय. ते देवाचं.”

“देव तिला रात्र रात्र नाचवतोय आणि मग महिनाभर अंथरुणात टाकतोय व्हय?”

चरवीत धार पडायची थांबली.

“पोरगी आत्ता कुठं हसाय लागलीया,” आई म्हणाली. “त्यात कशाला खोट काढतीस बाई? उद्या सोयरिकीला लोकं इचारतील.”

“दहावी तरी होऊ दे की गं.” हसून झालं, पण तिचे हात दाव्याची गाठ सोडबांध करतच राहिले. “मला पण अशीच राहायला आवडतंय, आई. पण ह्यातलं माझं किती आणि गोळीचं किती, मलाच कळंना झालंय. आत्यालाबी कळलं नसंल.”

आईचा पेंडीतला हात तसाच राहिला. पप्पांनी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला, एकदा, दोनदा.

“म्हणून मी ठरवलंय,” तेजस्वी म्हणाली, आणि दावं तिनं हातातनं सोडलं. “आत्ता दवाखान्यात फोन लावणार आणि उद्या आपण तिघं जाणार. झोपेचं मी सांगणार, आत्याचं तुम्ही सांगायचं, पप्पा. तुम्हाला जमलं न्हाय, तर तेबी मीच सांगणार.”