कपाळाला लावलेलं पाकीट

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. मुलं खिडक्यांतही चढून बसली होती. मुलांनी प्रश्न लिहून दिलेल्या पाकिटांच्या ढिगातलं एक बंद पाकीट त्रिकाळनं कपाळाला लावलं आणि डोळे मिटले.

“ब्रह्मांडाच्या लहरी येताहेत... कुणीतरी विचारतंय, हरवलेलं घड्याळ सापडेल का?”

“अगं बाई, माझाच प्रश्न!” मी तिसऱ्या रांगेतून ओरडले.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! त्रिकाळ म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या जादू मंडळाचा अध्यक्ष. स्वतःचा पेपर कुठल्या वर्गात आहे हे या ब्रह्मज्ञान्याला शिपायाला विचारावं लागे. स्नेहसंमेलनातली गंमत म्हणून सुरू झालेला हा खेळ आता ‘दर्शन’ झाला होता आणि मुलं त्याच्या पाया पडू लागली होती.

‘खात्री’ म्हणून त्यानं पाकीट फाडलं, आतल्या चिठ्ठीवर नजर टाकून मान डोलावली आणि पुढचं पाकीट कपाळाला लावलं. “माझी इन्सुलिनची इंजेक्शनं कधी सुटतील?”

माझ्या शेजारी बसलेली माझी खोलीतली मैत्रीण ताडकन उभी राहिली. ती रिले संघात धावायची आणि लहानपणापासून रोज टोचून घ्यायची.

“आजच सुटली!” त्रिकाळ म्हणाला. “सुई म्हणजे शंका. शंका सोड.”

हे खोटं आहे, हे मला माहीत होतं. पण मंडळात येताना आम्ही वहीत सही केलेली असते: जादूचं गुपित बाहेर सांगायचं नाही. खोलीवर तिनं सुया पेटीत टाकल्या, तेव्हा मी एवढंच म्हणाले, “डॉक्टरांना विचार हं.” आणि पांघरूण ओढून घेतलं. लाज वाटते सांगायला.

तिसऱ्या दिवशी सरावाआधीच तिला उलट्या सुरू झाल्या. ती धापा टाकत मैदानावर कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या, “हिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही! आणखी उशीर केला असतात तर ही हाती लागली नसती. बंद करायला सांगितलं कुणी?”

संध्याकाळी मैत्रिणीला बोलता येऊ लागलं. ती म्हणाली, “त्याच्यावर नव्हता गं माझा विश्वास. तू ‘माझाच प्रश्न’ म्हणालीस ना, म्हणून बसला.”

ती बरी होऊन आली त्या आठवड्यात पुन्हा ‘दर्शन’ होतं. मी सरळ मंचावर चढले.

“अगं, सही केलीयस तू!” त्रिकाळ दातओठ खात कुजबुजला.

“केलीय. तीच चूक झाली.” मी ढिगातलं पाकीट कपाळाला लावलं. “घड्याळाचा प्रश्न आमचा आधीच ठरलेला होता. त्यानं तो नुसता म्हणायचा, मी ओरडायचं. मग खात्री करण्याच्या निमित्तानं तो पाकीट फाडतो. आत असतो भलत्याचाच प्रश्न. तो मनात वाचून ठेवायचा आणि पुढचं पाकीट कपाळाला लावून बोलून दाखवायचा. प्रत्येक वेळी एक पाकीट पुढे. माझं पाकीट असतं ढिगाच्या तळाशी, म्हणजे शेवटी हिशेब जुळतो.”

त्रिकाळ मागच्या दारानं सटकला. त्याच्या लहरींनी त्याला आधी काही कळवलं नसावं.

“त्याला खुशाल हसा,” मी म्हणाले, “पण मलाही सोडू नका. मी ओरडले नसते तर पहिलं पाकीटच फसलं असतं. चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी विचारा, हे झालं कसं? आणि औषधाचं डॉक्टरांनाच विचारा.”

पहिल्या रांगेतून एकच हात वर झाला. मैत्रिणीचा.

“नीट दिसलं नाही,” ती म्हणाली. “पुन्हा करून दाखव. सावकाश.”

मी नवं पाकीट उचललं.