रत्नप्रभाबाईंचा घाणो

अंधेरीच्या स्टुडिओत रत्नप्रभाबाईंनी तिसऱ्यांदा तोच शब्द गायला आणि काचेपलीकडून केयूरने हात वर करून गाणं थांबवलं.

"काकू, 'घाणो' नको ना. 'हळद' म्हणा. लोकांना ऐकताना घाण वाटेल."

"वाटली तर नाकाक हात लावूंदेत," बाई म्हणाल्या.

बाईंच्या शेजारची दिशा या संगीतकार केयूरकडे कामाला होती. त्याला मालिकेतल्या लग्नासाठी अस्सल कोकणी गाणं हवं होतं, म्हणून तिने बाईंना आणलं. लग्नघरात उखळ मांडायचं, मुसळांना आंब्याची पानं बांधून हळद कुटायची आणि कुटता कुटता गायचं, याला घाणो भरणं म्हणतात. कांदिवलीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये तो गाता येणाऱ्या बाई एकट्याच उरल्या होत्या. घाणो काढला तर गाण्यात उरायचं काय?

"बरं, तोवर यावर सही करा." केयूरने कागद पुढे केला. "फॉर्मॅलिटी आहे. याने गाणं आमच्या नावावर होईल."

बाईंनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. त्यांना सासू आठवली. गिरणीच्या चाळीत कुटताना ठेका चुकला, की ती नुसत्या डोळ्यांनी मारायची.

"ह्यां गाणा माझ्या सासूचा. तिका तिच्या आवशीन शिकवल्यान. माझ्या नावार नाय, तर तुझ्या नावार खंयसून होताला?" त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "दिशा, चल गो."

दिशा जागची हलली नाही. नोकरी होती. बाई एकट्याच रिक्षात बसल्या.

महिन्याभराने मालिकेतलं लग्न लागलं. कुणी गोड गळ्याची मुलगी 'हळद, हळद' करत गात होती. चाल तीच. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, टीव्ही बंद केला आणि माळ्यावरून मुसळं खाली काढली. सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'रविवारी चार वाजता गच्चीत घाणो शिकवणार.'

पहिल्या रविवारी सहाजणी आल्या. पाठोपाठ सेक्रेटरी मुकुल. "काकू, आवाजाची तक्रार आलीय."

"तुझो डीजे वाजता तेवा ती तक्रार खंय जाता रे?"

मुकुल आल्या पावली खाली गेला.

तिसऱ्या रविवारी मात्र एकट्या वसुधाताई आल्या, बँकेतून रिटायर झालेल्या. बाईंनी कुणाची वाट न पाहता उखळ मांडलं. तेवढ्यात दिशा जिन्यातून वर आली. स्टुडिओपासून ती नजर चुकवत होती.

"काकी, रेकॉर्ड करू? कुणाला देणार नाही. तुमच्याच नावाने ठेवीन."

"माझ्या कित्याक? सासूचा नाव घाल. शेवंती." बाईंनी तिच्या हातातला फोन काढून कठड्यावर ठेवला. "ता मागसून. आधी मुसळ धर."

वसुधाताई एका बाजूला, दिशा दुसऱ्या. पहिला घाव पडला, बाई गाऊ लागल्या, तसं खालच्या मजल्यावर कुणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली. बाईंनी आवाज आणखी चढवला.