आखूड केलेला बाक

मी एक जुना बाक आहे. खरं बोलायचं तर पूर्ण बाकही नाही, बाकाचं चार फुटी टोक. माझा उरलेला बारा फुटांचा भाग ग्रेन्सबी गावात आइस हॉकीच्या रिंकवर, म्हणजे छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर, खेळाडूंच्या कठड्यामागे अजून उभा आहे. मी मात्र इथे गावाबाहेर, गोठलेल्या तळ्याच्या काठावर पाय रोवून आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी गोड बोलतात असा तुमचा समज असेल, तर आधीच सांगून ठेवतो की मी रागावलेला आहे. दोन हिवाळे सरले तरी राग उतरलेला नाही.

माझा जन्म हॉकीसाठी झालाच नव्हता. रेल्वेच्या कडेला धान्याचं उंच लाकडी कोठार होतं, त्याच्या घसरणीची मी फळी. चाळीस वर्षं माझ्यावरून गहू घसरत गेला आणि मी काचेसारखा गुळगुळीत झालो. मग एक दिवस कोठार पाडलं. आर्नी लोकेन नावाचा शेतकरी मला ट्रकवर घालून रिंकवर घेऊन आला. कुणीतरी त्याला रंधा द्यायला लागलं, तर म्हणाला, "याला रंधा कशाला? गव्हानं मारून ठेवलाय." त्यानं मला चार पाय ठोकले आणि कठड्यामागे बसवलं. सोळा फूट लांब होतो मी. आधी गहू घसरला, आता मुलं घसरणार होती.

घसरणार म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. आमच्या रिंकवर बाकापासून बर्फावर जायला दार एकच. बर्फावर पाच मुलं खेळायची आणि आठ माझ्यावर बसायची. मिनिटभर जीव तोडून खेळलेली मुलं धापा टाकत आत यायची, मागच्या बोळातून जाऊन माझ्या पार दुसऱ्या टोकाला बसायची. दाराजवळची मुलं बर्फावर जायची. मग आर्नी ओरडायचा, "सरका!" आणि सगळी रांग ढुंगणावर घसरत दाराकडे यायची. जो टोकाला बसला तो सरकत सरकत दाराशी पोचणारच. तो चांगला खेळतो की वाईट, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आर्नीनं तीस वर्षं अकरा वर्षांखालच्या मुलांना शिकवलं. आठवड्याला दोन दिवस सराव आणि एक सामना, असा त्याचा हिशेब. सरावाची पहिली वीस मिनिटं तो रबरी चकती बर्फावर टाकायचाच नाही. खुर्चीत बसल्यासारखं बसा, मान वर ठेवा आणि पात्याच्या स्केट्सवर तसेच पाठमोरे मागे जा, एवढंच चालायचं. उजवीकडे वळा, डावीकडे वळा, पडा, उठा. मुलं कंटाळून जायची.

"आर्नी, मागे गेल्यावर गोल होतो का?" एकानं विचारलं होतं.

"नाही होत. पण मागे जाता आलं नाही तर तुझ्यावर होतो."

आम्ही हरायचो. खोटं कशाला बोलू? एकदा तर अकरा-दोन असे हरलो. पण हरलेली मुलं कँटीनमध्ये कांदा घातलेल्या पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, हाणायची आणि पुढच्या मंगळवारी सगळीच्या सगळी हजर असायची. मी सोळा फूट सारखाच चकाकत होतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग आर्नीचे गुडघे गेले. त्याच्या जागी ब्रेंट कुझिक आला. ब्रेंट माझ्यावरच लहानाचा मोठा झालेला. लहानपणी त्याचे घोटे आत वळायचे, बदकासारखा चालायचा, आणि पहिली दोन वर्षं तर कठडा धरल्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. तरी आर्नी "सरका" म्हणाला की तोही सरकायचा. माणूस वाईट नाही. पहाटे पाचला उठून रिंक उघडायचा, प्रत्येक मुलाच्या स्केट्सचा नंबर त्याला पाठ होता. पण शेजारच्या ऑर्मस्टन गावाच्या रिंकवर विजेतेपदाचे सात बॅनर टांगलेले आहेत आणि आमच्या छताला फक्त एक बंद पडलेलं घड्याळ आहे, हे त्याच्या मनात सलत होतं.

बॅनर सरावानं मिळत नाही असं त्यानं ठरवून टाकलं. रिंकचे तास मोजके, म्हणून सराव आठवड्यातून एकावर आला आणि सामने तीन झाले. त्या एका सरावातही अर्धा वेळ ब्रेंट फळ्यावर बाण काढत असे आणि मुलं काठीवर हनुवटी टेकून उभी असत. दहा वर्षांच्या पोरांना मागे जाता येत नाही आणि यांना बाण शिकवायचे. माझा जीव नुसता जळत होता. पण बाकाचं कोण ऐकतं?

त्या वर्षीच मी ते शब्द पहिल्यांदा ऐकले. सामना बरोबरीत होता. ब्रेंट आपल्या मदतनिसाकडे वळून हळूच म्हणाला, "शेवटची दहा मिनिटं राहिलीत. बाक आखूड कर."

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला वाटलं, करवत आणणार. पुढे आठवडाभर रिंकला लागून असलेल्या आर्नीच्या वर्कशॉपमधून खरखर ऐकू आली की माझ्या खिळ्यांना घाम फुटायचा. मग तिसऱ्या-चौथ्या सामन्याला कळलं की ही हॉकीवाल्यांची बोली आहे. बाक आखूड करायचा म्हणजे चांगली आठ मुलं आलटून पालटून खेळवायची आणि उरलेल्या पाच जणांना टोकाला बसवून ठेवायचं. कापायचं होतं ते मला नव्हतंच. सुरुवातीला मला हायसं वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

त्या पाचांत टेसा होलोवाच होती. दहा वर्षांची, समोरच्या दातांत फट असलेली. तिला मागे जाता येत नव्हतं. पुढे वाऱ्यासारखी जायची, पण मागे वळायची वेळ आली की फतकल मारून बसायची. आर्नीच्या हाती असती तर दोन महिन्यांत शिकली असती. इथे शिकवायला कुणाला वेळ नव्हता, आणि येत नाही म्हणून खेळायला मिळत नव्हतं. खेळायला मिळत नाही म्हणून येत नव्हतं. या चक्रातून पोरीनं बाहेर पडायचं कसं?

आधी सामन्याच्या तीन सत्रांपैकी पहिल्या दोन सत्रांत तरी तिची बर्फावर जायची फेरी यायची. नाताळनंतर तीही कमी होत गेली. ब्रेंटचा मुलगा डॅक्स संघात सगळ्यात भारी. तो जिभेचाही तिखट. एकदा माझ्यामागच्या बोळात कपडे बदलताना त्यानं टेसाचा हातमोजा उचलून नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, हिच्या हातमोज्याला वासच येत नाही. दुकानातून आत्ता आणलास काय गं?"

तुम्हाला यात काय ते कळणार नाही. हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या हातमोज्यांना घामाचा असा भपकारा येतो की आया ते घरात घेत नाहीत, आणि मुलांना त्याचाच तोरा असतो. टेसा उठली. माझ्या टोकाला येऊन बसली आणि हातमोज्याची नाडी चावत राहिली.

आर्नी मधूनमधून काठी टेकत रिंकवर येई. एकदा त्यानं ब्रेंटला गाठलं.

"माझ्या बाकाचं टोक खरबरीत झालंय," तो म्हणाला. "दाराकडे बघ, आरसा आहे. आणि इकडे हात फिरवला तर कुसळं लागतात. कुणी सरकतच नाही तर असंच व्हायचं."

"पॉलिश करून टाकू."

"मी पॉलिशचं बोलतोय का, ब्रेंट? तू स्वतः या टोकापासून सरकत दाराशी गेलायस."

"तेव्हा आपण हरायचो, आर्नी."

"हो. आणि परत यायचो."

ब्रेंटनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मुलांना हाका मारायला गेला.

अंतिम सामना आमच्याच रिंकवर झाला, ऑर्मस्टनशी. गावातलं एकही माणूस घरी नव्हतं. सकाळी टेसानं विचारलं, "कोच, आज मी जाणार ना?" ब्रेंट म्हणाला, "आज सगळ्यांचं काम पडणार आहे." तिनं ते खरं मानलं. पहिल्या सत्रात तिला दोन फेऱ्या मिळाल्या. नंतर बाक आखूड झाला.

शेवटच्या सत्रात तीन-तीन अशी बरोबरी होती. मुलं बर्फावर गेली की माझ्यावर जागा रिकामी व्हायची. टेसा त्या जागेत हळूच सरकायची, दाराच्या दिशेनं एक वीत. ब्रेंट वळून न बघताच म्हणायचा, "टेसा, मागे." ती मागे जायची. थोड्या वेळानं पुन्हा एक वीत. "टेसा, मागे." तिसऱ्यांदा ती दारापासून हातभर अंतरावर पोचली होती, हेल्मेटची पट्टी आवळलेली, काठी हातात तयार. डॅक्स धापा टाकत आत आला, त्यानं तिला कोपरानं ढोसलं आणि ब्रेंटनं तिसऱ्यांदा तेच म्हटलं. त्यानंतर ती सरकली नाही. कधीच नाही. बर्फावर मागे जायला तिला कुणी शिकवलं नाही, बाकावर मागे जायला मात्र शिकवलं.

आम्ही चार-तीन असे जिंकलो. गोल डॅक्सनं केला. सगळी मुलं कठड्यावरून उड्या टाकून बर्फावर गेली, टेसाही गेली, फोटोत तिच्या हातात बॅनरचा कोपरा आहे. तो फोटो अजून कँटीनमध्ये लावलेला आहे. सगळ्यांचे केस घामानं कपाळाला चिकटलेत. पाच जणांचे तेवढे नीट विंचरलेले दिसतात.

गर्दी पांगल्यावर टेसाची आई कोरीन विसरलेला हातमोजा न्यायला माझ्यापाशी आली. ब्रेंट अजून तिथेच होता, डोळे ओले, हसत. तिनं हातमोजा मुठीत दाबून पाहिला. ठणठणीत कोरडा.

"ब्रेंट, अख्ख्या हिवाळ्यात मला पोरीचे हातमोजे एकदाही वाळत घालावे लागले नाहीत," ती म्हणाली.

"कोरीन, आपण जिंकलो."

"मी हातमोज्यांबद्दल बोलतेय."

पुढच्या शरद ऋतूत नावनोंदणीचा दिवस आला. टोकाची पाचही मुलं आली नाहीत. उरलेल्या आठांपैकी एक जण गाव सोडून गेला. सात मुलांचा संघ होत नाही. बॅनर छताला, आणि त्याखाली खेळायला संघच नाही, अशी आमच्या गावाची तऱ्हा झाली. उरलेली मुलं साठ किलोमीटरवरच्या ऑर्मस्टनला जायला लागली. आमच्या रिंकवर राहिली ती अगदी बारकी पोरं. समितीत कुणीतरी म्हणालं, एवढ्याशा मुलांना सोळा फूट कशाला, चार फूट कापा म्हणजे स्केट्सना धार लावायचं यंत्र तिथे बसेल.

म्हणजे शेवटी करवत आलीच. ती आर्नीच्याच हातात होती. त्यानं मला कापायच्या आधी खरबरीत टोकावर एकदा हात फिरवला. ते टोक त्यानं भंगारात टाकू दिलं नाही. इथे तळ्यावर आणून रोवलं.

इथे फळा नाही, गोल मोजायला कुणी नाही. शनिवारी दुपारी आर्नी खुर्ची टाकून बसतो आणि तीच जुनी रड लावतो, खाली बसा, मान वर, मागे जा. पहिल्या हिवाळ्यात टेसा नुसतं बघायला यायची. मग एकदा स्केट्स घेऊन आली. आता ती बारा वर्षांची आहे आणि मागे जाताना असं वळण घेते की आर्नीसुद्धा गप्प होतो. संघात मात्र ती गेली नाही, आणि कुणी विचारलं की विषय बदलते. तिची ती दोन वर्षं कोण परत देणार? मला याचाच राग येतो. तिला येत होतं ते गेलं नाही, पण जे शिकता आलं असतं ते अडवलं गेलं.

गेल्या शनिवारी डॅक्स आला. ब्रेंट गाडीतच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. माझ्यावर चार बारकी पोरं आणि टेसा नाड्या बांधत बसली होती. जागा नव्हती. डॅक्स हातात स्केट्स घेऊन बर्फात उभा राहिला. त्याचा एक हातमोजा खाली पडला. टेसानं उचलला आणि सवयीनं नाकाशी नेला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "वास येत नाही याला," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"तिकडे ऑर्मस्टनला वीस जण आहेत," डॅक्स बुटाच्या टोकानं बर्फ उकरत म्हणाला. "मी टोकाला असतो."

मित्रांनो, मी वाट पाहत होतो. खरं सांगतो, ती त्याला कोपर मारेल अशीच माझी इच्छा होती. मी एवढा चांगला नाही. आर्नीही खुर्चीत ताठ झाला होता.

टेसानं हातमोजा त्याच्या हातात दिला आणि पोरांकडे वळून म्हणाली, "सरका."

पोरं खिदळत ढुंगणावर घसरली. चार फुटांत सहावा माणूस मावला. गाडीचं इंजिन बंद झालं आणि ब्रेंट खाली उतरला. तो लांबच उभा राहिला, खिशात हात घालून.

माझं टोक आता पुन्हा गुळगुळीत व्हायला लागलंय. तुमच्या गावात बर्फ नसेल, हॉकी नसेल, पण कुठला तरी बाक असेलच. त्याच्या टोकाला कोण बसलंय ते एकदा बघा. त्याला जिंकून देऊ नका, नुसतं दारापर्यंत पोचू द्या. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. थोडं सरकावं लागतं.